आईवर सोपवलेली शाळा

गेल्या पावसाळ्यात परभणीत एका कार्यशाळेला जाण्याचा योग आला. विषय होता 'स्वमग्न मुलांच्या पालकांचे प्रशिक्षण'. या शास्त्राशी माझा व्यावसायिक संबंध नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेलो तो धाकट्या बहिणीला सोबत म्हणून. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, आणि मानवत तालुक्यातल्या एका गावाहून ती त्याला एस.टी.ने घेऊन आली होती. सभागृहात साठ-सत्तर माणसे असावीत. त्यांत पुरुष मोजून पाच. पाचांतला एक मी, म्हणजे बाप चारच. उद्घाटनाच्या आणि समारोपाच्या अशा दोन्ही भाषणांत एक वाक्य सारखेच आले : आईसारखा शिक्षक नाही. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. दुसऱ्या वेळी मी टाळी वाजवली नाही. बहिणीने वाजवली आणि मग माझ्याकडे पाहिले. ती टाळी मी का वाजवली नाही, हे तिला त्या दिवशी नीट सांगता आले नाही, म्हणून हे लेखन.

आधी एक गैरसमज दूर करतो. पालकांना शिकवण्याला माझा विरोध नाही. स्वमग्न मुलाच्या नजरेच्या टप्प्यात कसे बसावे, तो ज्यात रमला आहे त्यातच आपण कसे शिरावे, प्रश्नांचा मारा न करता थांबावे कसे, या गोष्टी शिकता येतात आणि शिकवताही येतात. याला पुरावा आहे, आणि तो फार दूरचा नाही. गोवा आणि रावळपिंडी या दोन ठिकाणी मिळून 65 मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नव्हेत, मानसतज्ज्ञही नव्हेत, असे साधे आरोग्य कार्यकर्ते त्यासाठी तयार केले होते. आईवडील मुलाशी खेळत असताना चित्रण करायचे, मग कार्यकर्त्याने त्यांच्या शेजारी बसून ते पाहायचे आणि कुठे मुलाने काही सांगू पाहिले, कुठे आपण ते हुकवले, हे दोघांनी मिळून शोधायचे. अशा बारा बैठका. त्यानंतर पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीशी अधिक जुळू लागला, आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र टिकण्याचा काळ उलट कमी भरला. संशोधकांनी हेही लपवले नाही, हे मला विशेष वाटते. या चाचणीतला लक्षात ठेवण्याजोगा भाग एवढाच, की आईच्या शेजारी कोणीतरी बसले होते. एकदा नाही, बारा वेळा.

आमच्या कार्यशाळेत सकाळी साडेनऊ ते दुपारी चार या वेळात जगातल्या सर्व उपचारपद्धतींची नावे पडद्यावरून सरकली, मध्ये पोहे झाले, आणि शेवटी प्रत्येक आईला एक प्रमाणपत्र व एक पुस्तिका मिळाली. पुढची बैठक कधी, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. ती भली माणसे होती आणि त्यांनी खिशातले पैसे घातले होते. माझे भांडण त्या टाळीच्या वाक्याशी आहे.

या वाक्याला एक पूर्वज आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 साली बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र जागा दिली. ती जन्मजात असावी असे त्याने त्याच निबंधात म्हटले होते. पण आईवडिलांच्या थंड, बुद्धिनिष्ठ स्वभावाचीही नोंद केली होती, आणि पुढे तीच नोंद फोफावली. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल मिटून गेले, असा सिद्धान्त झाला. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द त्यातूनच रुळला. ब्रूनो बेटेलहाइमने 1967 साली 'द एम्प्टी फोर्ट्रेस' लिहून त्यावर कळस चढवला. हा मनुष्य स्वतः नाझी छळछावण्यांतून आलेला. त्याने त्या छावण्यांतल्या कैद्यांच्या अवस्थेशी या मुलांच्या अवस्थेची तुलना केली. मग छावणीच्या पहारेकऱ्याची जागा कोणाला मिळाली, हे वाचकांनी ताडले असेलच. योगायोग असा, की त्याच 1967 साली क्लारा क्लेबोर्न पार्क या इंग्रजी साहित्याच्या अध्यापिकेने आपल्या मुलीविषयी 'द सीज' हे पुस्तक लिहिले. एकाच्या शीर्षकात रिकामा किल्ला, दुसरीच्या शीर्षकात वेढा! किल्ला रिकामा नाही, आत कोणी आहे, आणि म्हणूनच बाहेर धीराने तळ ठोकून बसायला हवे, हे आई सांगत होती. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. रूपक किती माणसांचे आयुष्य नासवू शकते, याचा असा धडा अलंकारशास्त्राच्या पुस्तकात मिळायचा नाही. त्याआधी तीन वर्षे, 1964 साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (तोही एका स्वमग्न मुलाचा बाप) कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे हे मांडले होते. 1969 साली खुद्द कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

दोषमुक्ती झाली खरी, पण आरोपीचा पिंजरा रिकामा राहिला नाही. पूर्वी आईने मूल बिघडवले असे म्हणत. आता आईच मूल घडवील असे म्हणतात. ऐकायला हे दुसरे वाक्य गोड आहे. पण सहा महिन्यांनी मूल बोलले नाही तर काय, याचे उत्तर त्या गोडव्यातच दडलेले आहे : आईने पुरेसे केले नाही. कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी बहिणीचा फोन आला. पुस्तिकेतले पहिले सहा पाठ तिने रोज घेतले होते. 'दादा, मी कमी पडायले का?' एवढेच तिने विचारले. ज्या घरात कोणी बेटेलहाइमचे नाव ऐकलेले नाही, त्या घरात तो असा पोचला.

पालकांना बरोबरीचे स्थान देणारी मूळ कल्पना अशी नव्हती. एरिक शॉपलर हा शिकागोत बेटेलहाइमचे काम जवळून पाहिलेला मनुष्य. ते पाहूनच तो उलट दिशेला गेला, आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1966 पासून त्याने पालकांना सह-उपचारक म्हणून सोबत घेतले. 'सह' या अक्षराकडे लक्ष द्यावे. 1972 साली तिथल्या विधिमंडळाने हा प्रयोग राज्यव्यापी कार्यक्रम म्हणून स्वीकारला. विभागवार केंद्रे आली, सरकारी शाळांतून वर्ग आले, शिक्षक आले. म्हणजे आई घरी जे करत होती तेच शाळेत शिक्षक करत होता, आणि दोघे एकमेकांना विचारत होते. आपण त्या समासातले पूर्वपद गाळले आणि उत्तरपद आईच्या पदरात टाकले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 2011 च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 18 लाख 36 हजार. त्याच जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले, त्यांत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा अलीकडचा अंदाज जगात 127 माणसांत एक असा आहे. हाच अंदाज इथे ताणला तर (असा ताणणे शास्त्रशुद्ध नव्हे, पण रकानाच नसेल तर माणसाने काय करावे?) चौदा हजारांच्या वर माणसे होतात. गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत, सेलूपासून पूर्णेपर्यंत ती कुठे तरी आहेत. त्यांतली कित्येक 'वेडसर' या शब्दाखाली मोजली गेली असतील, कित्येक 'हट्टी' या शब्दाखाली, आणि मुली बहुधा 'लाजाळू' या शब्दाखाली.

कायदा मात्र कागदावर उदार आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. याच कायद्याचे 31 वे कलम सहा ते अठरा वयाच्या, निश्चित प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरले. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी वेगळे खाते काढले. या सगळ्यात एक बारीक फट आहे. शिक्षणहक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क मिळाला. ज्या मुलाला अंथरुणावरून उठवताच येत नाही त्याच्यासाठी ही सोय करुणेने केलेली होती. पण 'निवडण्याचा' हे क्रियापद वाटेतच गळते. माझ्या भाच्याला अंथरुणावरून उठवावे लागत नाही, आवरावे लागते. तरीही 'ताई, हा वर्गात बसत नाही, याला तुम्ही घरीच शिकवा' हे वाक्य तिला एका शाळेच्या ओसरीवर ऐकावे लागले. कोणत्या शाळेच्या, हे महत्त्वाचे नाही; हे वाक्य आता कोणत्याही ओसरीवर ऐकू येऊ शकते. पालक-प्रशिक्षणाने त्याला एक शास्त्रीय पाठबळ मिळवून दिले आहे, एवढीच भर.

घरी शिकवायचे म्हणजे किती? अमेरिकेत इव्हार लोवासने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकोणीस मुलांना दोन वर्षे किंवा अधिक काळ आठवड्याला चाळीस तास शिकवले होते. त्यांतली नऊ मुले शाळेत इतरांसारखी सामावली असा त्याचा दावा होता, आणि आजही कार्यशाळांतून तो आकडा सांगितला जातो. त्या पद्धतीत जोरात 'नाही' म्हणणे आणि मांडीवर चापट मारणेही होते, ते सांगितले जात नाही. शिकवणारे विद्यापीठातले प्रशिक्षित विद्यार्थी होते आणि पालक त्यांच्या जोडीला होते, हेही सांगितले जात नाही. चाळीस तास म्हणजे सातही दिवस, रोज पावणेसहा तास. बहीण पाचला उठते. पाणी, दळण, म्हैस, सासऱ्यांचे औषध. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की दुपारही तिची राहत नाही. हे पावणेसहा तास कुठून काढायचे हा प्रश्न मी कार्यशाळेत विचारला. उत्तर आले की मायेला वेळ लागत नाही. समारोपाच्या वक्त्यांनी त्याला गंगाखेडच्या जनाबाईची जोड दिली : कामाच्या रगाड्यातही तिने भक्ती सोडली नाही! आमच्या जिल्ह्यात जनाबाईचे नाव घेतले की प्रतिवाद संपतो. पण तिच्या अभंगांत देव दळू लागतो, झाडू लागतो, ओझे उचलू लागतो. काम एकटीने उरकत नाही, दुसरा हात लागतो, हे जनीला ठाऊक होते. वक्त्यांनी जनाबाई घेतली आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसणारा वगळला.

आता ज्यासाठी मी, म्हणजे भाषेच्या मास्तराने, तोंड उघडावे असा भाग. मिळालेल्या पुस्तिकेत पहिल्या पाठाला कार्डांच्या दोन पट्ट्या होत्या. ही पद्धत 1985 साली डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी आखली. न बोलणारे मूल आधी हव्या त्या वस्तूचे चित्र दुसऱ्याच्या हातात देते. पुढच्या पायरीवर पट्टीवर डावीकडे 'आय वाँट' हे कार्ड, उजवीकडे वस्तूचे चित्र, असे वाक्य करते. पद्धत चांगली आहे. पण पुस्तिकेत डाव्या कार्डावर छापले होते : 'मी इच्छितो'. परभणी जिल्ह्यात 'मी इच्छितो' हे शब्द माणूस तहसीलदाराला अर्ज करतानाच वापरतो. मुलाने केळे मागितले तर आई ते ज्या शब्दांत ऐकेल तेच शब्द कार्डावर हवेत, आणि ते आहेत 'मला' आणि 'पाहिजे'. इच्छेच्या वाक्यात मराठी माणूस कर्ता होतच नाही; इच्छा त्याला होते, तो चतुर्थीत उभा असतो. शिवाय क्रियापद शेवटी येते. म्हणजे डावीकडचे एक कार्ड फोडून दोन करावी लागतात, आणि चित्र मध्ये बसवावे लागते : मला, केळे, पाहिजे. ज्या मुलाला क्रम मोडला की रडू कोसळते, त्याला उलट्या क्रमाची पट्टी दिली आणि घरात सरळ क्रमाने बोललो, तर ते मूल कोणावर विश्वास ठेवील?

याच्या पुढे गंमत आहे. पुण्याकडे 'हवा' म्हणतात. मग भात हवा, पोळी हवी, पाणी हवं. प्रत्येक वस्तूच्या लिंगाप्रमाणे तिसरे कार्ड बदलणार. आमच्या मराठवाड्यात 'पाहिजे' म्हणतात : भात पाहिजे, भाकर पाहिजे, पाणी पाहिजे. एक कार्ड, सगळीकडे तेच. ज्या बोलीला आम्ही मराठीच्या तासाला दुरुस्त करत आलो, ती इथे प्रमाणभाषेपेक्षा सोयीची निघाली! आणि परभणीच्या ज्या घरांत दखनी बोलतात तिथे 'मेरेकू पानी होना' म्हणतात. तिथेही तीच तीन जागांची पट्टी जशीच्या तशी बसते. डेलावेअरहून निघालेल्या पट्टीला इथे यायला दोन समुद्र लागले, पण मानवतच्या घरातून परभणीच्या मोहल्ल्यात ती चालत जाऊ शकते.

असेच सर्वनामांचे. ही मुले पुष्कळदा ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. आईने विचारावे 'तुला पाणी पाहिजे का?' आणि तहान लागली की मुलाने म्हणावे 'तुला पाणी पाहिजे'. इंग्रजी पुस्तके याचा विचार 'यू' आणि 'आय' यांच्यापुरता करतात. मराठीत क्रियापदही लिंग सांगते. आईच्या तोंडून शिकलेला मुलगा 'मी येते' म्हणतो, आणि घरातले हसतात. हसू नये, हे कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. प्रश्न विचारण्याऐवजी आईने मुलाच्या बाजूचे वाक्य, मुलाच्या लिंगात, मुलाच्या वतीने म्हणून दाखवावे ('मला पाणी पाहिजे', 'मी येतो'), हा मराठीतला पहिला पाठ असायला हवा होता.

त्याऐवजी सल्ला मिळतो तो एकच भाषा बोला असा, आणि ती शक्यतो इंग्रजी. कारण चित्रे, चित्रफिती, कार्डे त्या भाषेत मिळतात. आईला जी भाषा येत नाही त्या भाषेत तिने मायेने बोलावे अशी ही अपेक्षा. दोन भाषांच्या घरात वाढल्याने स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाची हानी होते, असे गेल्या पंधरावीस वर्षांतल्या अभ्यासांत आढळलेले नाही. हानी होते ती घरात बोलणे कमी झाल्याने. चुकीचे इंग्रजी बोलण्याच्या भीतीने बहीण दोन महिने त्याच्याशी जवळजवळ बोललीच नव्हती. 'कम', 'सिट', 'लुक' एवढेच. भुर्र, मम्म, जोजो, हात्त हे सारे शब्द घरातून गेले. लेकरू आधीच गप्प. आता आईही गप्प.

आणि 'स्वमग्न' हा शब्द? तोही आपण एकदा तपासावा. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक 'ऑटोस'वरून मूळ संज्ञा केली, ती दुसऱ्याच आजाराच्या वर्णनासाठी; आपण तिचे भाषांतर केले आणि त्यातला निवाडाही घेतला. समीक्षेत 'आत्ममग्न कविता' ही शिवी आहे हे आपल्याला माहीत असतेच. माझा भाचा परभणी स्थानकावर दोन तास उभा राहून मालगाडीचे डबे मोजतो, आणि डबे सुटले तर कळवळतो. त्याला स्वतःत मग्न कसे म्हणावे? तो जगातच मग्न आहे, फक्त आपण त्याच्या जगात नाही. नवा शब्द सुचवण्याची घाई मला नाही. या शब्दाला आता पालकांच्या संघटनांनी आपले मानले आहे. पण 'त्याला त्याच्यातून बाहेर काढा' हा कार्यशाळेतला उपदेश या शब्दातूनच आला, आणि मालगाडी हिरावून घ्या हा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. तीच मालगाडी घेऊन त्याच्याशी पहिले संभाषण होऊ शकले असते.

माझ्या एका मित्राचा आक्षेप असा, की काहीच नसण्यापेक्षा एक दिवसाची कार्यशाळा बरी. शाळा येईल तेव्हा येईल, तोवर आईने काय हातावर हात ठेवून बसावे? आक्षेप वजनदार आहे. हातावर हात ठेवून कोणतीही आई बसलेली नाही, हे पहिले उत्तर. दुसरे असे, की 'तोवर' या शब्दाला मुदत नसते तेव्हा तो कायमचा होतो. आई शिकते आहे ना, मग निकड कसली, असे म्हणायला यंत्रणेला जागा मिळते. म्हणून प्रत्येक पालक-प्रशिक्षणाला दोन प्रश्न जोडलेले हवेत : पुढची बैठक कोणाबरोबर आणि कधी, आणि हे मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे. याची उत्तरे नसतील तर ती कार्यशाळा नव्हे, निरोपसमारंभ आहे. बापांना बोलवा, आजीला बोलवा, अंगणवाडीताईंना आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला त्याच सतरंजीवर बसवा. आईच्या शेजारी बसायला माणूस द्या.

आम्हा भाषेच्या मास्तरांनी याहून वेगळे काही करायचे नाही, शेजारीच बसायचे आहे. नांदेडच्या विद्यापीठाखालच्या आमच्या महाविद्यालयांतून बोलींवर प्रबंध होतात. लोकगीते, म्हणी, शिव्यासुद्धा गोळा झाल्या आहेत. दोन वर्षांच्या मुलाशी परभणीतली आई कोणत्या शंभर शब्दांत बोलते, याची यादी मी आमच्या ग्रंथालयात शोधली, ती सापडली नाही. यंदा एम.ए.च्या पाच विद्यार्थ्यांना तेवढेच काम दिले आहे. त्यांतली एक दखनी बोलणाऱ्या घरातली आहे, एक तांड्यावरची आहे. 'यात साहित्य कुठे आहे?' असे विभागाच्या बैठकीत विचारले गेले. मी पट्टी दाखवली.

ती पट्टी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची आहे; बहिणीने कापली, अक्षरे मी काढली. मध्ये चिकटवायला रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकावरचे इंजिनाचे चित्र होते. पहिले चार दिवस त्याने ते नुसते खिशात ठेवले. पाचव्या दिवशी ते आईच्या हातात आले, 'मला' आणि 'पाहिजे' जमिनीवरच राहिले. नेमका तो वेचणीचा हंगाम होता. पुढचा पाठ घ्यायला घरी कोणी नव्हते, आणि ज्या शाळेच्या पटावर त्याचे नाव आहे तिथे ही पट्टी कोणी पाहिलेली नाही.